मोठी आई, धाकटी आई



राजवाड्याच्या मालिका कुठल्याही देशाच्या असोत, त्यांत एक बाळ असतंच. दोन राण्या असतात, एकीवर राजाचा जीव असतो, दुसरीच्या पोटी मूल असतं, आणि मग दाईच्या हातावर मोहरा ठेवून रात्रीतून अदलाबदल होते. आमच्या सूनबाईंना सध्या चिनी मालिकांचं वेड आहे. चौविहार झाला, ओटा आवरला की ती मोबाईल डब्याला टेकवून उभा करते. मी समोर दुसऱ्या दिवसाचे मूग निवडत बसते. खालची अक्षरं ती मला वाचून सांगते आणि मध्येच म्हणते, "मम्मी, हे खरंच घडलंय बरं का."

खरंच घडलंय म्हटल्यावर मी कान टवकारते. मग मुलाला सांगून पुस्तकं मागवली, काही वाचलं, काही त्याने वाचून सांगितलं. त्यातली एक गोष्ट आज तुम्हाला सांगते, कारण तिचा माझ्या घराशी संबंध आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या घराशीही असेल.

आधी लोकांनी रचलेली गोष्ट. चीनमध्ये ती पोरासोरांना माहीत असते. नाव आहे, 'युवराजाच्या बदल्यात रानमांजर'. सोंग घराण्याचा सम्राट झेनझोंग. त्याच्या दोन राण्या, ल्यू आणि ली, एकाच वेळी गरोदर. जिला मुलगा होईल तिचं नशीब उघडणार. लीला मुलगा होतो. ल्यू एका खोजाला हाताशी धरून बाळ उचलते आणि त्या जागी कातडी सोललेलं रानमांजर ठेवते. लीने राक्षस जन्माला घातला अशी बोंब होते. बाळाला पाण्यात टाकायचं काम एका दासीवर येतं, पण तिचा हात धजत नाही. चेन लिन नावाचा एक इमानी खोजा बाळाला पेटीत लपवून वाड्याबाहेर काढतो. ली हाकलली जाते, रडून रडून आंधळी होते, मोडक्या भट्टीच्या आडोशाला भीक मागून दिवस काढते. बऱ्याच वर्षांनी न्यायाधीश बाओ त्या वाटेने जातो. म्हातारी त्याला सगळं सांगते आणि सत्य बाहेर पडतं. एव्हाना मुलगा राजा झालेला असतो. आई म्हणते, आईला विसरणाऱ्याला फटके मारा. राजाला मारायचं कसं? मग बाओ त्याचा राजवेष काढून घेतो आणि त्या वेषाला फटके मारतो. यावर तिथे 'राजवेषाला मार' नावाचं संगीत नाटक आहे आणि ते आजही रंगतं.

गोष्ट कशी छान आहे बघा. एक सवत चेटकीण, दुसरी देवी, न्याय करायला एक शहाणा माणूस, शेवटी फटके. आपण मूग निवडत बघावं आणि समाधानाने झोपावं.

आता घडलं ते.

ल्यू ही सिचुआनकडची अनाथ मुलगी. हातात धरून वाजवायचं डमरूसारखं एक वाद्य ती छान वाजवायची. गोंग मेई नावाचा एक चांदीकाम करणारा कारागीर तिला राजधानी कायफेंगला घेऊन आला. काही जुन्या नोंदी म्हणतात की तो तिचा नवराच होता. पंधराव्या वर्षी ती एका राजपुत्राच्या वाड्यात शिरली आणि राजपुत्र तिच्यात पूर्ण गुंतला. त्याच्या दाईने थेट बापाकडे चहाडी केली. सम्राट भडकला आणि मुलीला बाहेर काढायचा हुकूम सुटला. राजपुत्राने हुकूम मानल्याचं दाखवलं आणि तिला आपल्या एका माणसाच्या घरी लपवून ठेवलं. बाप जाऊन तो स्वतः गादीवर बसेपर्यंत, म्हणजे ९९७ सालापर्यंत, ती तिथेच होती. नाव नाही, नातं नाही, कोणी विचारलं तर ओळख नाही. त्या चांदीकाम करणाऱ्याने पुढे आपलं आडनाव बदलून ल्यू केलं आणि तो तिचा भाऊ म्हणून दरबारात वावरला. नवरा असलेला माणूस भाऊ झाला असेल तर मालिकावाल्यांना आणखी काय हवं!

राजाने तिला वाड्यात आणलं, पण पट्टराणी करणं सोपं नव्हतं. १००७ साली पहिली पट्टराणी वारली. दरबारी मंडळींना रिकाम्या जागेवर घरंदाज मुलगी हवी होती. ल्यूचं कुळ नाही, माहेर नाही, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे मूल नाही. राजाचे आधीचे मुलगेही लहानपणीच गेले होते.

ल्यूच्या दासींमध्ये ली नावाची एक मुलगी होती. हांगझोची, गंभीर, मितभाषी. राजाने तिला जवळ केलं आणि तिला दिवस गेले. एकदा ती राजाबरोबर उंच चौथऱ्यावर उभी असताना तिच्या केसातली जेडची सळई खाली पडली. तिला तो अपशकुन वाटला. राजाने मनात कौल लावला की सळई शाबूत असेल तर मुलगा होईल. सेवकांनी उचलून आणली तर सळई अखंड. १०१० साली मुलगा झाला. ल्यूने तो पाळण्यातच आपला म्हणून घेतला. रानमांजर नाही, पेटी नाही, भट्टी नाही. राजाला माहीत होतं, वाड्याला माहीत होतं, एका मुलालाच तेवढं माहीत नव्हतं. दोन वर्षांनी, १०१२ साली, ल्यू पट्टराणी झाली.

मुलाला प्रत्यक्ष वाढवलं ते ल्यूच्या बरोबरीच्या यांग राणीने. तो ल्यूला मोठी आई म्हणायचा आणि यांगला धाकटी आई. हे वाचलं तेव्हा मी मूग बाजूला ठेवले. आपल्याकडे एकत्र कुटुंबात जशी हाक मारतात तशीच हाक. मोठी आई आहे, धाकटी आई आहे, आणि जिने जन्म दिला तिला हाकच नाही.

लीला पुढे एक मुलगीही झाली, पण ती जगली नाही. १०२२ साली राजा वारला. हा मुलगा बाराव्या वर्षी सम्राट झाला, त्याचं नाव रेनझोंग. पडद्याआड बसून राज्य चालवलं ते ल्यूने, अकरा वर्षं. आणि बरं चालवलं हो. सरकारने काढलेली पहिली कागदी नोट चीनमध्ये तिच्याच कारकिर्दीत, १०२४ साली, तिच्याच सिचुआनमध्ये आली. एका दरबाऱ्याने तिला वू झेतियानचं चित्र भेट दिलं. वू म्हणजे मुलांना बाजूला सारून स्वतः सम्राट झालेली बाई. इशारा असा, की तुम्हीही व्हा. ल्यूने ते चित्र जमिनीवर फेकलं. मुलाची गादी तिने मुलालाच ठेवली.

आणि ली? तिला दिवंगत राजाच्या समाधीच्या राखणीला पाठवलं. इतिहासात तिच्याबद्दल लिहिलंय ते एवढंच, की ती जुन्या राजाच्या बाकी स्त्रियांत गुपचूप राहिली आणि आपण कोणी वेगळी आहोत असं तिने कधी दाखवलं नाही. लोक ल्यूला घाबरत होते, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही.

ल्यूने एक मात्र केलं. लीचं माहेर शोधायला माणसं पाठवली. ली वाड्यात आली तेव्हा तिचा भाऊ सात वर्षांचा होता, त्यानंतर दोघांची भेट नव्हती. तिने त्याला स्वतःच्या हाताने विणलेली एक रेशमी पिशवी दिली होती. हा भाऊ सापडला तेव्हा मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी पैसे कापायच्या दुकानात मजुरी करत होता. एका जुन्या टिपणात आहे, की त्याची ओळख त्या पिशवीवरूनच पटली. त्याला सरकारी नोकरी मिळाली. म्हणजे बघा, जिने मूल घेतलं तिनेच भाऊ शोधून दिला. तिला चेटकीण म्हणावं, की देवी? मला दोन्ही म्हणवत नाही.

१०३२ साली ली वारली. ल्यूला तिचे अंत्यविधी एखाद्या साध्या दासीसारखे उरकायचे होते. लू यीजियान नावाच्या प्रधानाने दरबारात सांगितलं, की विधी थाटाने झाले पाहिजेत. ल्यू घाईने मुलाला आत घेऊन गेली, मग एकटी परत आली आणि प्रधानावर चिडली. तुला आम्हा मायलेकरांत फूट पाडायची आहे का, असा तिचा रोख होता. प्रधानाने शांतपणे सांगितलं, की आपल्या माहेरच्या माणसांचं पुढे बरं व्हावं असं वाटत असेल तर ऐका. ती हुशार बाई, तिला कळलं. लीला पट्टराणीचे कपडे घालून पुरलं गेलं आणि देह टिकावा म्हणून शवपेटीत पारा भरला.

पुढच्याच वर्षी ल्यू गेली. शेवटी तिची वाचा गेली होती आणि ती अंगावरचे कपडे ओढत होती. मुलाला कळेना, तिला काय हवंय. एका मंत्र्याने सांगितलं, की राज्य चालवताना घातलेल्या त्या सम्राटाच्या वेषात तिला नवऱ्यासमोर जायचं नाहीये. मुलाने तिला राणीच्या कपड्यांत निरोप दिला. तो तिच्यासाठी ढसाढसा रडत होता, आणि त्याच दिवसांत त्याला सांगितलं गेलं: ही तुझी आई नव्हती. तुझी आई ली, तीही गेली, आणि ती धडपणे मेली नाही असं लोक म्हणतात.

मैत्रिणींनो, त्याचं वय तेव्हा तेवीस. एका आईचं सुतक चालू आहे आणि दुसरी आई एक वर्षापूर्वीच गेली हे आज कळतंय. त्याने ल्यूच्या माहेरच्या घरांना सैनिकांचा वेढा घातला आणि लीची शवपेटी उघडायला लावली. आत ली पट्टराणीच्या वेषात होती आणि पाऱ्यामुळे चेहरा जिवंत माणसासारखा होता. त्याने वेढा उठवला. लोकांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले आणि ल्यूच्या माहेरच्यांशी तो पुढे नीट वागला. लीला त्याने राजमातेचा मान दिला आणि बापाच्या समाधीजवळ नेऊन तिचं पुन्हा दफन केलं.

जन्मात पहिल्यांदा त्याने आईला आई म्हणून पाहिलं, ते पाऱ्यात बुडालेलं.

न्यायाधीश बाओचं सांगायचं राहिलं. तो खराखुरा माणूस होता, प्रामाणिकपणासाठी गाजलेला. पण १०३३ साली तो या प्रकरणात असणं शक्य नव्हतं. परीक्षा पास होऊनही नोकरी सोडून तो गावी म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करत होता. लोकांनी त्याला नंतर या गोष्टीत घातलं, कारण लोकांना एक गुन्हेगार आणि एक निकाल हवा असतो.

आता माझं घर.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मूल नव्हतं. आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणतो. माझा दुसरा मुलगा झाला आणि सव्वा महिना झाला त्या दिवशी तो भाभींच्या मांडीवर दिला. घर एकच, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. कोणी जबरदस्ती केली नाही. मिस्टरांनी मला विचारलं, सासूबाईंनी विचारलं, मी हो म्हटलं. भाभींना बारा वर्षं मी बघत होते. कोणाच्या डोहाळजेवणाला बोलावणं आलं की त्यांचं नेमकं डोकं दुखायचं.

दूध मात्र सहा महिने मीच पाजलं. तो रडला की भाभी त्याला खाली घेऊन यायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. आत बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. पाजून झालं की त्या हात पुढे करायच्या आणि मी द्यायचे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. तो जिना चौदा पायऱ्यांचा आहे. त्या वर पोहोचेपर्यंत मी पायऱ्या मोजायचे.

तो बोलायला लागला तेव्हा त्यांना मम्मी म्हणाला आणि मला काकी. त्यात वाईट काही नाही, मी काकीच होते. तरी सांगते, 'काकी' ही हाक मला कित्येक महिने ऐकू आली तरी मान वर व्हायची नाही. ली समाधीची राखण करत गप्प राहिली असं पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ लिहिणाऱ्याला वाटलं असेल, किती सोशिक बाई. मला ती ओळ वाचून वाटलं, हिला कोणी विचारलं का?

त्या गोष्टीतली सवत म्हणजे फक्त नवऱ्यासाठी भांडणारी नव्हे. नवऱ्याची वाटणी एक वेळ बाई सोसते. मुलाच्या हाकेची वाटणी सोसायला वेगळं काळीज लागतं, आणि ते घेणारीलाही लागतं. भाभींना माझी भीती वाटायची. मी त्याला जास्त वेळ मांडीवर घेतलं की त्या वरून हाक मारायच्या, "झोपेची वेळ झाली." त्यांची भीती मला दिसायची आणि माझं दुखणं त्यांना दिसायचं. पण आमच्यात कधी आवाज चढला नाही. सगळे म्हणायचे, काय जावाजावांचं पटतं! गप्प राहण्याला लोक पटणं समजतात.

पर्युषणात आपल्याकडे स्थानकात अंतगड सूत्राचं वाचन होतं. त्यात देवकीचा प्रसंग दरवर्षी येतो. एकसारखे दिसणारे सहा मुनी, दोन-दोनच्या जोडीने तिच्या दारी गोचरीला येतात. तिला वाटतं, हेच दोघे तीन वेळा कसे आले? मुनी सांगतात, आम्ही सहा भाऊ, भद्दिलपूरच्या नाग आणि सुलसाचे मुलगे. देवकीच्या मनात शंका राहते. ती अरिष्टनेमी भगवंतांकडे जाते तेव्हा कळतं, की ते सहाही तिचेच. हरिणैगमेषी देवाने सुलसाची मृत बाळं तिच्याकडे आणि तिची जिवंत बाळं सुलसाकडे नेली होती. मुनींना वंदन करताना देवकीला पान्हा फुटतो. आणि घरी येऊन ती उदास होते, कारण सात मुलगे झाले पण एकाचंही बालपण तिच्या वाट्याला आलं नाही.

त्या वर्षी माझा मुलगा पाच वर्षांचा होता. भाभी आणि मी स्थानकात शेजारीशेजारी बसलो होतो, मुंहपत्ती बांधून. महासतीजी पान्ह्याचा प्रसंग सांगत होत्या. भाभींनी माझा हात धरला आणि वाचन संपेपर्यंत सोडला नाही. घरी येताना वाटेत त्या म्हणाल्या, "त्याला सांगून टाकू. मीच सांगते."

सासूबाईंचा विरोध होता. लहान पोर, गोंधळून जाईल, लग्नानंतर सांगू, असं त्यांचं म्हणणं. भाभी म्हणाल्या, "बाई, गावात दवाखान्याला माहीत आहे, किराणावाल्याला माहीत आहे, भांडीवालीला माहीत आहे. उद्या कोणाच्या पंगतीत कोणी तरी बोलणारच. मग तो मला काय म्हणेल?" चीनच्या राजाची गोष्ट तेव्हा आम्हाला दोघींनाही माहीत नव्हती. पण भाभींनी त्या प्रधानासारखाच विचार केला होता.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनी त्याला सांगितलं. मीही होते. "तू काकीच्या पोटातून आलास आणि माझ्याकडे राहिलास. मला बाळ नव्हतं, मी मागितलं, काकीने दिलं." त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग काकीला काकीच म्हणायचं ना?" भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "तुला जे म्हणायचं ते म्हण." तो म्हणाला, "काकीच बरं आहे," आणि कच्ची पापडी तोंडात घालून पतंगामागे पळाला.

संपलं. आम्ही सहा वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. मोठा झाल्यावर त्याने प्रश्न विचारले, दहावीच्या वर्षी थोडा रुसलाही. दादाला का नाही दिलं, मलाच का दिलं, हे त्याने मला विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. पण ते प्रश्न तो आम्हाला विचारत होता. परक्या माणसाकडून ऐकून, मनात सैनिकांचा वेढा घालून आलेला नव्हता.

मला अलीकडे काही जणी विचारतात, भावाचं, नणंदेचं मूल घेतलंय, सांगायचं का? मी माझ्यापुरतं सांगते. शाळेत जायच्या आधी सांगा, जेव्हा त्याला ती गोष्ट चिऊकाऊसारखीच वाटते. जिने घेतलं तिने सांगावं आणि जिने दिलं ती तिथे असावी. अनाथाश्रमातून आणलेलं असेल तर ती बाई समोर नसेल, पण तिच्याबद्दल वाईट शब्द काढू नका. आणि 'तुला आम्ही उपकार म्हणून' वगैरे तर चुकूनही नको. आपण रोज प्रतिक्रमणात चार कषायांची नावं घेतो, क्रोध, मान, माया, लोभ. त्यातली माया म्हणजे आपली ममता नव्हे, माया म्हणजे कपट, लपवणं. घरात प्रेमापोटी लपवलं तरी ते लपवणंच असतं, आणि त्याचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो.

कोणाला, तेही त्या राजाच्या घरी दिसतं. रेनझोंगच्या मनातून आईचं ऋण गेलं नाही. त्याने मामाला, त्या कागदी पैसे कापणाऱ्या भावाला, मोठमोठ्या जागा दिल्या. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून आपली लाडकी मोठी मुलगी त्याने मामाच्या मुलाला दिली. १०५७ साली लग्न झालं. दोघांचं अजिबात जमलं नाही. मुलीचे हाल झाले. १०६० साली एका रात्री ती सासर सोडून वाड्याकडे आली आणि बंद झालेले राजवाड्याचे दरवाजे तिच्यासाठी अवेळी उघडावे लागले. दरबारात केवढा गहजब झाला. १०७० साली, चाळिशीही न गाठता, ती गेली. जिवंतपणी आईला एक हाक मारायची राहिली, तिची भरपाई नातीने आयुष्य देऊन केली, आणि तरी ती झाली नाही. आमच्या सूनबाई बघतात ती मालिका याच राजाची आहे, चीनमध्ये २०२० साली आली. या मुलीचे भाग चालू झाले तेव्हा मी सुनेला म्हटलं, पुढचं तूच बघ, मला नको.

ल्यूला मी दोष देत नाही, हे पुन्हा सांगते. तिने मूल घेतलं आणि नीट वाढवलं. राज्य सांभाळून त्याला परत दिलं. तिच्याकडून हवी होती ती एकच गोष्ट, ली जिवंत असताना, एखाद्या सणाला, त्याला तिच्यासमोर उभं करून दोन शब्द. ते शब्द बोलले गेले असते तर लोकांना रानमांजराची गोष्ट रचावीच लागली नसती. आपण घरात जे सांगत नाही ते गाव स्वतःच्या मनाने सांगतं, आणि गाव सांगतं तेव्हा त्यात रानमांजर असतंच.

आमच्या त्या मुलाचं लग्न आता मार्गशीर्षात आहे. पत्रिकेत आईवडील म्हणून भाभी आणि जेठजी, आमची नावं काका-काकींच्या ओळीत. ते बरोबरच आहे, त्यात मला काही वाटत नाही. मायऱ्याचा प्रश्न मात्र घरात निघाला. मायरा मामाने आणायचा, पण कोणत्या मामाने? पुरुष मंडळी चर्चा करत बसली. भाभी वाढता वाढता म्हणाल्या, "दोन मामा आहेत, दोघेही आणतील. वाजंत्रीवाल्याला सांगा, दोनदा वाजवायचं." चर्चा तिथेच संपली.

काल माझ्या भावाचा फोन होता. साड्या घ्यायला निघाला होता. म्हणाला, "ताई, आपल्या मायऱ्यात चुनडी कोणासाठी घ्यायची, तुझ्यासाठी की भाभींसाठी?"

मी म्हटलं, दोन घे. एकाच रंगाच्या नको, भाभींना हिरवा आवडत नाही.